गाडी हाकावी की गाडीवर स्वार व्हावे?



आज एका साध्या शब्दाबद्दल बोलायचे आहे. शब्द आपल्या रोजच्या तोंडातला आहे: 'चालवणे'. आपण सायकल चालवतो, मोटार चालवतो, ट्रॅक्टर चालवतो, होडी चालवतो, विमान चालवतो. इतकेच काय, दुकान चालवतो, शाळा चालवतो आणि घरही चालवतो. मराठीने ह्या एका शब्दावर केवढा भार टाकला आहे पाहा! आणि तो शब्दही बिचारा सगळे ओझे मुकाट्याने वाहतो. पण हाच शब्द इंग्रजीत न्यायची वेळ आली, की आपल्या मुलांची पंचाईत होते. तिथे एका 'चालवणे'च्या जागी सातआठ शब्द रांगेने उभे असतात, आणि त्यांतला कोणता पुढे बोलवावा ते कळत नाही.

ही पंचाईत माझ्या वर्गात कशी आली ते आधी सांगतो. आठवीचा वर्ग होता. पाच मराठी वाक्ये दिली होती, त्यांचे इंग्रजी करायचे होते. त्यांतले एक होते, 'माझे वडील ट्रॅक्टर चालवतात.' एका मुलाने लिहिले, 'माय फादर राइड्स अ ट्रॅक्टर.' मी तांबड्या शाईने 'राइड्स' खोडले, वर 'ड्राइव्ह्ज' लिहिले आणि वही परत दिली. मधल्या सुट्टीत तो मुलगा वही घेऊन आला. म्हणाला, "गुरुजी, मी सायकलवर बसतो, ते राइड. बाबा ट्रॅक्टरवर बसतात. आमच्या ट्रॅक्टरला दार नाही नि छप्परही नाही. मग ते राइड का नाही?"

मी काय उत्तर द्यावे? "अरे, इंग्रजीत तशी पद्धत आहे. पाठ कर, म्हणजे झालं," असे म्हणून मी मोकळा झालो. तो गेला. त्या वर्षी त्याने पुन्हा कधी प्रश्न विचारला नाही.

आज मागे वळून पाहतो तेव्हा वाटते, त्या दिवशी त्याच्या चुकीपेक्षा माझी चूक मोठी होती. त्याचा एक शब्द चुकला. मी मात्र त्याचे विचारणेच बंद केले. त्याचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याला उत्तरही होते. ते मला ठाऊक नव्हते, एवढेच. त्याला द्यायचे राहून गेलेले ते उत्तर आज तुमच्यापुढे ठेवतो. तुमच्या वर्गात असा एखादा मुलगा उठलाच, तर त्याला तसेच खाली बसवायची पाळी तुमच्यावर येऊ नये, हाच हेतू.

तर मंडळी, मोटार, सायकल सारे क्षणभर बाजूला ठेवू आणि एक घोडा डोळ्यांपुढे आणू. ह्या घोड्याच्या पाठीवर जीन कसून, दोन बाजूंना दोन पाय टाकून एक माणूस बसला आहे. तो घोड्यावर स्वार झाला आहे. इंग्रजीत हे झाले 'राइड'. आता तोच घोडा टांग्याला जुंपू. टांगेवाला मागे बैठकीवर बसला, लगाम हाती घेतला, आणि घोडा निघाला. टांगेवाला घोड्यावर स्वार झाला आहे का? नाही. तो घोडा हाकतो आहे. इंग्रजीत हे झाले 'ड्राइव्ह'. घोडा तोच, माणूसही तोच असेल. पण पाठीवर बसला तर 'राइड', मागे बसून हाकला तर 'ड्राइव्ह'.

ह्या 'ड्राइव्ह' शब्दाचे मूळ मोटारीत नाही. तो मोटारीच्या कितीतरी शतके आधीचा, जुन्या इंग्रजीतला शब्द आहे, आणि त्याचा अर्थ पुढे घालून नेणे, हाकणे असा होता. गुराखी गुरे हाकतो, त्यालाही इंग्रजीत 'ड्राइव्ह'च म्हणतात. आजही खिळा ठोकून आत घालवणे ह्याला 'ड्राइव्ह' म्हणतात, आणि पिकात शिरलेली गुरे हुसकून लावणे ह्यालाही 'ड्राइव्ह' हाच शब्द चालतो. म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी जोर लावून, ताब्यात ठेवून पुढे नेणे, हा त्याचा गाभा. आपला 'हाकणे' हा शब्द त्याच्या अगदी जवळचा भाऊ शोभतो. आपणही गुरे हाकतो, बैल हाकतो, बैलगाडी हाकतो. आणि आपल्याकडचा जुना माणूस मोटारीबद्दलसुद्धा म्हणतोच ना, "काय जोरात गाडी हाकतो रे हा!" त्या आजोबांना इंग्रजीचे एक अक्षर येत नसेल, पण 'ड्राइव्ह'चा अर्थ त्यांना पुरता कळला आहे.

आता यंत्रे कशी आली ते पाहू. जर्मनीत मानहाइम नावाचे एक शहर आहे. त्या शहरात १८१७ साली कार्ल ड्राइस नावाच्या गृहस्थाने दोन चाकांचे एक लाकडी वाहन रस्त्यावर आणले. त्याला पॅडल नव्हते, साखळी नव्हती. दोन बाजूंना पाय टाकून वर बसायचे आणि जमिनीला पायाने रेटा देत पुढे जायचे. घोड्यावर बसतात तसेच बसायचे, नि घोड्याच्या ऐवजी बसायचे. आजच्या सायकलीचा हा पूर्वज. तेव्हा सायकल घोड्याच्या जागी आली आणि घोड्याचा शब्दही तिच्याकडे आला. इंग्रजीत सायकल 'राइड' करतात ती ह्यामुळे. सायकलीच्या बैठकीला इंग्रजीत 'सॅडल' म्हणतात आणि घोड्याच्या जिनालाही 'सॅडल'च म्हणतात, ही त्याच नात्याची खूण आहे.

योगायोग असा, की मोटारीची गोष्टही त्याच मानहाइममध्ये घडली. तिथे कार्ल बेंझ ह्याने १८८५ च्या सुमारास तेलावर चालणारी तीन चाकांची मोटार तयार केली आणि १८८६ साली तिचे पेटंट घेतले. पुढे १८८८ साली त्याची पत्नी बेर्टा बेंझ आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन तशाच मोटारीतून फॉर्झहाइम ह्या गावी गेली. मोटारीने केलेला पहिला लांबचा प्रवास म्हणून तो प्रसिद्ध आहे. ही मोटार कोणाच्या जागी आली? घोडागाडीच्या. सुरुवातीला इंग्रज लोक तिला 'घोड्यावाचूनची गाडी' असेच म्हणत. घोडा गेला, लगाम गेला, लगामाच्या जागी चाक आले. पण हाकण्याचा शब्द मागे राहिला. तोच हा 'ड्राइव्ह'.

आता त्या मुलाचा प्रश्न घ्या. ट्रॅक्टर कोणाच्या जागी आला? बैलांच्या! नांगराला बैल जुंपायचे, गाडीला बैल जुंपायचे, ते काम ट्रॅक्टरने घेतले. आणि आपण नांगराचे बैल हाकतो. त्यांच्यावर स्वार होत नाही. म्हणून ट्रॅक्टर 'ड्राइव्ह' करायचा. दार आहे की नाही, छप्पर आहे की नाही, ह्याचा इथे संबंध नाही. बैलगाडीला तरी कुठे दार असते? त्या मुलाच्या घरी ट्रॅक्टरच्या आधी नक्कीच बैल असतील. मी एवढेच विचारायला हवे होते, "बाळ, तुझे आजोबा बैलांवर बसत की बैल हाकत?" उत्तर त्याने स्वतःच दिले असते, आणि ते जन्मभर विसरला नसता.

तेव्हा किल्ली ही: नवे वाहन समोर आले, की ते कोणाच्या जागी आले ते विचारावे. घोड्याच्या पाठीचे वारस निराळे, गाडीचे वारस निराळे.

घोड्याच्या पाठीचे वारस म्हणजे सायकल, मोटारसायकल, स्कूटर. ह्या सगळ्यांना 'राइड'. हत्ती आणि उंट ह्यांनाही अर्थातच 'राइड'. गाडीचे वारस म्हणजे मोटार, बस, ट्रक, जीप, टॅक्सी आणि ट्रॅक्टर. ह्यांना 'ड्राइव्ह'. मग ऑटोरिक्षाचे काय? तिला तर स्कूटरसारखा हँडल असतो. हँडल असला तरी ती भाड्याने माणसे वाहणारी, टांग्याची वारस आहे. चालवणारा पुढच्या बैठकीवर बसतो आणि उतारू मागे बसतात. म्हणून ऑटोरिक्षा 'ड्राइव्ह' करतात.

आगगाडीलाही 'ड्राइव्ह'च. आपल्या रेल्वेत आता इंजिन चालवणाऱ्याला 'लोको पायलट' असे पदनाम आहे. पण क्रियापद 'ड्राइव्ह' हेच राहिले. साताऱ्याच्या सुरेखा यादव ह्या भारतातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक. त्यांनी ८ मार्च २०११ रोजी पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीन नेली, आणि मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत गाडी नेली. ह्याचे इंग्रजी वाक्य करताना मुलांनी लिहावे, 'शी ड्रोव्ह द डेक्कन क्वीन.' 'ड्रोव्ह' हे 'ड्राइव्ह'चे भूतकाळी रूप.

जमिनीवरून आता पाण्यात उतरू. आपल्या कोकणातल्या माणसाला हा भाग शिकवावा लागणार नाही, कारण मराठीनेच तिथे बारकावा राखला आहे. वल्ह्यांनी होडी नेणे ह्याला आपण 'वल्हवणे' म्हणतो. इंग्रजीत त्याला 'रो' म्हणतात. पण इंग्रजी इथे आणखी एक भेद करते. वल्ही होडीच्या काठाला अडकवलेली असतील, आणि बहुधा मागे तोंड करून ती ओढायची असतील, तर 'रो'. वल्हे सुटे, दोन्ही हातांत धरून, पुढे तोंड करून मारायचे असेल, तर 'पॅडल'. आणि शीड उभारून वाऱ्यावर गलबत नेणे, ते 'सेल'. हा 'सेल' कापडाच्या दुकानातल्या 'सेल'सारखा ऐकू येतो, पण स्पेलिंग वेगळे आहे. फळ्यावर दोन्ही शेजारी लिहून दाखवावेत. गंमत अशी, की शिडे जाऊन वाफेची जहाजे आली, त्यानंतर तेलाची आली, तरी इंग्रजीत जहाज निघाले की ते 'सेल' करते असेच म्हणतात. शीड उतरले, पण शब्द अजून उभाच आहे! घोडा गेला तरी 'ड्राइव्ह' राहिला, तसेच हे.

हवेत गेलो की काम सोपे. आपण पतंग चालवत नाही, उडवतो. इंग्रजीतही पतंग 'फ्लाय' करतात, आणि विमान, हेलिकॉप्टर हीसुद्धा 'फ्लाय' करतात. आता शेतावर फवारणी करणारे ड्रोन आले आहेत. तेही 'फ्लाय' करायचे. जे. आर. डी. टाटा ह्यांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टपालाच्या थैल्या घेऊन एका लहानशा विमानाने कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईचे जुहू गाठले. विमान त्यांनी स्वतः नेले होते. इंग्रजीत म्हणावे, 'ही फ्ल्यू द प्लेन.' मात्र एक लक्षात ठेवावे. विमानात नुसता उतारू म्हणून बसलेला माणूसही 'आय फ्ल्यू टु दिल्ली' असेच म्हणतो. त्यावरून त्याने विमान चालवले असे समजू नये.

उतारूचा विषय निघालाच आहे, तर 'राइड'चा दुसरा उपयोगही पाहून घेऊ. गाडीत नुसते बसून जाणे, ह्यालाही इंग्रजीत 'राइड' चालतो. 'आय रोड इन अ बुलक कार्ट' म्हणजे मी बैलगाडीत बसून गेलो. हाकणारा कोणी दुसरा होता. इथले 'रोड' हे 'राइड'चे भूतकाळी रूप आहे. रस्ता ह्या अर्थाच्या शब्दासारखा त्याचा उच्चार होतो, म्हणून मुले गोंधळतात. मोटारसायकलवर डबलसीट बसणाराही 'राइड'च करतो. फाट्यापर्यंत सोडा असे आपण एखाद्याला म्हणतो, त्याला इंग्रज 'लिफ्ट' मागणे म्हणतात. अमेरिकन माणूस त्याच गोष्टीला 'राइड' मागणे म्हणतो.

आता आपल्या एस.टी.कडे या. १ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला पहिली एस.टी. बस सुटली. ती बस कोणी चालवली? मराठीत दोन उत्तरे येतात. ड्रायव्हरने चालवली हे खरे, आणि सरकारने चालवली हेही खरे. इंग्रजी इथे दोघांना एका बाकावर बसू देत नाही. ड्रायव्हर बस 'ड्राइव्ह' करतो. बससेवा सुरू ठेवणारी संस्था बस 'रन' करते. ह्याच 'रन'ने दुकान चालते, शाळा चालते आणि घरही चालते. सुरुवातीला मी म्हटले होते ना, की 'चालवणे' फार ओझे वाहते, त्यातले हे ओझे इंग्रजीत 'रन'च्या खांद्यावर आहे.

काही यंत्रे जागेवर उभी राहून काम करतात. क्रेन उचलते, खोदकामाचे यंत्र खणते, लिफ्ट वरखाली होते. अशा ठिकाणी 'ऑपरेट' म्हणावे. खोदकामाचे यंत्र रस्त्याने दुसऱ्या गावाला जात असेल तर माणूस ते 'ड्राइव्ह' करतो. तेच यंत्र विहिरीवर उभे राहून माती काढू लागले की तोच माणूस ते 'ऑपरेट' करतो. हातगाडी ढकलायची म्हणून 'पुश', ओढायची असेल तर 'पुल'. चाक पंक्चर झाले आणि सायकल हातात धरून चालत आणली, तर तीही 'पुश'च केली. 'राइड' केली असे म्हणून चालायचे नाही.

आता शिक्षकांसाठी एक सावधगिरीची सूचना. स्कूटरला 'ड्राइव्ह' लिहिणाऱ्या मुलावर एकदम तांबडी शाई ओतू नका. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या इंग्रजीत रस्त्यावरचे कोणतेही मोटार वाहन 'ड्राइव्ह'च केले जाते, मग ते दोन चाकी असो की सहा चाकी. दुचाकीसाठी मिळतो तो परवानाही 'ड्रायव्हिंग लायसन्स'च असतो. ह्याच कायद्याच्या कलम १२९ मध्ये, हेल्मेटच्या कलमात, मोटारसायकलबाबत 'ड्रायव्हिंग' आणि 'रायडिंग' हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आले आहेत. तेव्हा स्कूटरच्या बाबतीत मुलाला सांगावे, की रोजच्या बोलण्यात 'राइड' बरे. कायद्याच्या भाषेत 'ड्राइव्ह' येते. सायकल आणि घोड्याची पाठ ह्यांच्या बाबतीत मात्र 'ड्राइव्ह' चुकीचेच, तिथे सूट नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. हा भेद शहाणपणाचा नाही, वहिवाटीचा आहे. जर्मन भाषा इंग्रजीची जवळची नातलग. तिच्यात 'राइड'चा भाऊ आहे तो 'राइटन'. तो घोड्यासारख्या जनावरांपुरताच राहिला. सायकल आणि मोटार ह्या दोघींनाही जर्मन माणूस 'फारन' हा एकच शब्द वापरतो. म्हणजे आपण 'चालवणे'ने सायकल आणि मोटार एका दावणीला बांधली, तसेच त्यांनीही केले. प्रत्येक भाषेचे आपले बांध असतात. दुसऱ्याच्या शिवारात गेलो की त्याचे बांध पाहून चालावे. पण त्यापायी आपले शेत हलके मानू नये.

वर्गात हे कसे शिकवावे? याद्या पाठ करून घेऊ नका. मुलांना रविवारी एक काम द्या. गावच्या रस्त्याच्या कडेला अर्धा तास उभे राहायचे आणि जाणारे प्रत्येक वाहन वहीत टिपायचे. सोमवारी प्रत्येकासमोर दोन गोष्टी लिहायच्या: हे कोणाच्या जागी आले, आणि म्हणून कोणता शब्द. एकाने बैलगाडी लिहावी, दुसऱ्याने दुधाची मोटारसायकल, तिसऱ्याने उसाचा ट्रॅक्टर. गावात नदी किंवा खाडी असेल तर होड्याही घ्या. मग वाक्ये करून घ्या, आधी आजची आणि मागून कालची: 'राइड' आणि 'रोड', 'ड्राइव्ह' आणि 'ड्रोव्ह', 'फ्लाय' आणि 'फ्ल्यू'. 'रो' आणि 'सेल' ह्यांची भूतकाळी रूपे सरळ आहेत, त्यांचा त्रास नाही. एक तास पुरेल.

घरी आजोबा-आजी असतील तर त्यांनाही विचारायला सांगा, तुमच्या वेळी ह्या वाहनाच्या जागी काय होते? कोणी छकडा सांगेल, कोणी डोक्यावरची पाटी सांगेल. इंग्रजीचा धडा घरच्या ओसरीपर्यंत जाईल, आणि ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्याकडूनच मुलाला त्याचे उत्तर मिळेल. खेड्यातल्या मुलाला हे शब्द परके वाटतात. पण बैल हाकलेला आणि होडी वल्हवलेला माणूस त्याच्याच घरात असतो. निम्मा धडा त्याला आधीच आलेला आहे. आपण फक्त त्याला ते दाखवून द्यायचे.

तो आठवीतला मुलगा आता मोठा झाला असेल. कदाचित स्वतःच ट्रॅक्टर हाकत असेल. त्याच्या वहीतली माझी ती तांबडी शाई पुसता येत नाही. पण उद्या तुमच्या वर्गात कोणी उठून "गुरुजी, का?" किंवा "बाई, का?" असे विचारले, तर "पद्धत आहे" म्हणू नका. त्याच्याबरोबर त्या जुन्या घोड्यापाशी चला, आणि त्यालाच विचारा, पाठीवर बसायचे की मागे बसून हाकायचे?